मुदत संपलेली दगडखाण पुन्हा चालू करायचीय? आधी जुना खड्डा मोजा

सातारा-सांगलीतल्या आपल्या खाणी काळ्या पाषाणाच्या: वर मुरूम, खाली डबर. हे गौण खनिज, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची खनिकर्म शाखा आणि २०१३ चे राज्याचे नियम.

मुदत उलटून गेली असेल तर ‘नूतनीकरण’ डोक्यातून काढा आणि नवा अर्ज समजूनच कागद जमवा. दरम्यानच्या काळात खाणीत फोडून पडलेला दगडही परवानगीशिवाय हलवायचा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, शिवाय पोकलेन आणि डंपर जप्त होतात ते वेगळंच.

पाटण, जावळी, महाबळेश्वर किंवा शिराळ्यातली खाण असेल तर फी भरण्याआधी गावाचं नाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील यादीत पाहा. १३ नोव्हेंबर २०१३ च्या केंद्राच्या निर्देशांनुसार त्या गावांत नवं खाणकाम नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आतही नाही. तिथे पैसे घालू नका.

आता खरं काम: मोजणी. अर्ज गेला की जुन्या खड्ड्यातून किती दगड गेला आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) किती ब्रासचं (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरलं, हे ताडून पाहिलं जातं. त्याआधी स्वतः ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्राने) मोजणी करून घ्या. अडचण येते ती एककात. खड्डा मोजला जातो घट्ट दगडाचा, गाडी भरते फुटलेल्या दगडाची, आणि बेसाल्ट फुटला की साधारण दीडपट जागा घेतो. १०,००० घनमीटरचा खड्डा म्हणजे घट्ट ३,५३४ ब्रास, तोच गाडीत सुमारे ५,३०० ब्रास. चलनं कुठल्या मापाची आणि पंचनाम्यात कुठलं माप, हे लिहून घेतलं नाही तर पावणेदोन हजार ब्रासची तफावत कागदावर उभी राहते आणि ती मिटवता मिटवता वर्ष जातं. मुरूम वेगळा मोजायला लावा. मूळ जमिनीची पातळी जुन्या खाण आराखड्यातल्या समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या रेषा) घ्या. तो हरवला असेल तर खड्ड्याच्या काठाची न खणलेली जमीन हाच पुरावा, म्हणून काठ खरवडू नका.

सातबारा ताजा काढा. मधल्या काळात वारसनोंदी झालेल्या असतात आणि संमती सगळ्या सहधारकांची लागते. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल (धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी बहुधा तशाच) तर जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी परवानगी आधी घ्या.

पर्यावरण मंजुरीची मुदत आणि वार्षिक परिमाण (वर्षाला किती दगड काढता येतो) तपासा. तिचे सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. बंद खाणीचेही राहून गेले असतील तर मोजणीच्या नकाशासह एकदम दाखल करा. शेजारची खाण ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्ही एका समूहात धरल्या जातात, आणि समूह ५ हेक्टरच्या वर गेला की प्रकरण जड होतं.

खाण शेवटी सावरण्यासाठीच्या अनामत किंवा बँक गॅरंटीची रक्कम आदेशात येते, पण खाण सावरायला खरोखर काय लागेल हे आपल्याला माहीत हवं. १०० बाय १०० मीटरची एक हेक्टर खाण धरा. चारही बाजूंनी ७.५ मीटर पट्टा सोडला की खणायला ८५ बाय ८५ उरतं. पट्टाच २,७७५ चौरस मीटर. तीन बाय तीनवर साधारण ३०८ झाडं बसतात. आतल्या क्षेत्रावर ३० सेंटीमीटर माती पसरायची तर ती सुमारे ७६५ ब्रास. ही माती पहिल्याच वर्षी बांधावर विकली जाते आणि शेवटी विकत आणावी लागते, इथेच बहुतेकांचा हिशेब मोडतो. मातीचा ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच नको, वर गवत किंवा शेवरी पेरा.

जुन्या खाणींत उभी भिंत सापडते. घट्ट दगडात टप्पा ६ मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. वरच्या मुरमाचा उतार ४५ अंशांच्या आत. आधी हे दुरुस्त करा, मग सुरुंग. माण, खटाव, जत, आटपाडीत खड्डा बुजवण्यापेक्षा पाणी साठवणं लोकांच्या जास्त उपयोगाचं. ६७ बाय ६७ मीटरच्या तळावर ६ मीटर पाणी म्हणजे जवळपास २ कोटी ७० लाख लिटर. पण एका बाजूला गुरांना उतरता येईल असा उतार आणि भोवती कुंपण आराखड्यातच दाखवलं पाहिजे, नंतर जोडता येत नाही.

गॅरंटीत परवानाधारकाचं नाव आदेशातल्यासारखं अक्षरशः तेच हवं. व्यक्तीच्या नावे खाण आणि फर्मच्या नावे गॅरंटी असेल तर कागद परत येतो. दाव्याची मुदत खाणीच्या मुदतीपुढे किमान १ वर्ष ठेवा. लावलेली झाडं दुसऱ्या उन्हाळ्यात तगली का, हे दाखवल्याशिवाय पैसे सुटायला वेळ लागतो, म्हणून मे महिन्यातले फोटो अक्षांश-रेखांशासह जपून ठेवा.