लाय-ले: ‘ने’ची किल्ली लागली, मग विटांनी अडवलं

मंडळी, इंग्रजीतल्या लाय (पडून असणं, आडवं होणं) आणि ले (ठेवणं, रचणं) या क्रियापदांची गाडी एकदाची हलली! व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री (मूळ, भूतकाळी आणि ‘हॅड’सोबतचं रूप) आपल्या सगळ्यांना पाठ आहेत: लाय-ले-लेन आणि ले-लेड-लेड. पण एकाचा व्ही-टू तोच दुसऱ्याचा व्ही-वन, म्हणून वाक्य लिहायला घेतलं की हात अडतो.

परभणीच्या मोंढ्यात पोत्यांकडे बघत वाक्यं जुळवत होतो, तिथे किल्ली सापडली. वाक्य मराठीत भूतकाळात करायचं आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का ते बघायचं. ‘हमालाने पोती ठेवली’: ‘ने’ आला, लेड. ‘पोती पावसात पडून राहिली’: ‘ने’ नाही, ले. ‘हमाल सावलीत आडवा झाला’: पुन्हा ले. ‘कोंबडीने अंडं घातलं’: लेड. कर्ता मात्र ‘मी’, ‘तू’ घेऊ नका, तिथे ‘ने’ लागतच नाही. खोटं बोलण्याचा लाय वेगळा, त्याचं लायड होतं. त्याला यात आणायचंच नाही.

मग आलं ‘पायाच्या विटा रचल्या गेल्या’. ‘ने’ नाही, म्हणून किल्ली ‘ले’ सांगते. बरोबर उत्तर ‘वेअर लेड’. दोन संध्याकाळी यातच गेल्या. शेवटी कसोटी बदलली: ‘ने’ दिसतो का हे बघायचं नाही, घालता येतो का ते बघायचं. ‘गवंड्याने विटा रचल्या’ बसतं. ‘गवंड्याने विटा पडून होत्या’ कोणीच म्हणणार नाही. आता ‘सोयाबीन आठवडाभर भिजत पडलं होतं’ला ‘हॅड लेन’ न अडखळता येतं. हे ‘लेन’ जमलं त्याचा आनंद फार मोठा आहे.

कानावर विसंबू नका. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना ‘लाय डाउन’च्या जागी सर्रास ‘ले डाउन’ म्हणतात. मोबाइलमधल्या व्याकरण-तपासनिसाच्या नजरेतूनही हे कधी कधी सुटतं. क्रियापद सकर्मक की अकर्मक हे दाखवणारा शब्दकोश घ्या, खिशातला छोटा पुरत नाही.

पुढचा नंबर बॉरो-लेंडचा (उसनं घेणं-उसनं देणं) होता, तो आता मागे. जुन्या इंग्रजीत ‘ले’ हे ‘लाय’चंच प्रयोजक रूप, आपल्या पडणे-पाडणेसारखं. सिट-सेट, राइज-रेझ त्याच घरातले: ‘भाव वाढला’ रोझ, ‘व्यापाऱ्याने भाव वाढवला’ रेझ्ड. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, फॉल-फेल! ‘झाड पडलं’ फेल, ‘त्याने झाड पाडलं’ फेल्ड. इथेही एकाचा व्ही-टू दुसऱ्याचा व्ही-वन. म्हणजे आधी हीच जोडी घेतो. ‘ने’ची कसोटी जिथे फसेल अशी वाक्यं तुमच्याकडे असतील तर पाठवा.