८७ वजा ३०

गटारीचा रविवार, रात्रीचे बारा पन्नास. फोनवर धाकटे दीर. "वहिनी, दादाला उठवू नका. तुमचं लायसन्स घेऊन जरा उपवनला येता का?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या घरात "जरा" म्हणून सांगितलेलं काम कधीच जरासं नसतं. कपडे बदलले, दार हळूच ओढून घेतलं आणि मानपाड्याच्या नाक्यावर रिक्षा धरली. उपवन म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, "गाडी आणायला ना ताई? तुम्ही आजच्या तिसऱ्या."

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून खाली उपवनला उतरायला रस्ता एकच. त्यामुळे पोलिसांना कुणाच्या मागे धावायला लागत नाही, बॅरिकेड लावायचं आणि उभं राहायचं. भाऊजी आमच्या जुन्या वॅगनआरला टेकून उभे होते, मुठीत बडीशेप. येऊरच्या बंगल्यावरून चौघं निघाले होते, त्यातले तिघं दुसऱ्या रिक्षात बसून कधीच पसार. आता त्या तिघांना कुणीतरी सांगा, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ पिऊन चालवायला साथ देणाऱ्यालाही लागतं. ठाण्यात थर्टीफर्स्टच्या नाकाबंदीत शेजारी बसलेल्यांवरसुद्धा कारवाई झालेली आहे.

श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रात भाऊजींचं फुंकून झालं होतं, पण पुढच्या मुलाचं मी पाहिलं. हवालदारांनी प्लास्टिक फाडून नवी पांढरी नळी काढली, यंत्राला लावली. "मोठा श्वास घ्या, आवाज थांबेपर्यंत फुंका." मुलाने गाल फुगवून नुसतं नाटक केलं. यंत्राने घेतलं नाही. दुसऱ्यांदा तेच. हवालदार शांतपणे म्हणाले, "अरे, फुगा फुगवल्यासारखं फुंक. रात्र मोठी आहे." तिसऱ्यांदा जमलं, आणि किराणा दुकानाच्या बिलासारखी चिठ्ठी बाहेर आली.

भाऊजींच्या चिठ्ठीवर ८७. कायद्याची रेघ ३० वर आहे, म्हणजे शंभर मिली रक्तात तीस मिलीग्रॅम. "वहिनी, खरंच दोनच बिअर घेतल्या होत्या." खोटं नसेलही. साडेसहाशे मिलीच्या एका बाटलीतसुद्धा तीस ओलांडता येतात, आणि यांच्या दोन स्ट्राँग होत्या. बडीशेप, पान, वेलची ही सगळी तोंडाची कामं. यंत्र फुप्फुसातून येणारी हवा मोजतं, तिथे बडीशेप पोचत नाही.

"साहेब, इथेच पावती फाडा ना, भरतो मी," भाऊजी म्हणाले. हवालदारांनी हे त्या रात्री किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. म्हणाले, "सिग्नल तोडलाय का तुम्ही? हे कलम १८५ आहे. दंड जागेवर भरता येत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं." लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं आणि पोच दिली. त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही, हेही दोनदा बजावलं. माझं लायसन्स पाहिलं, मला तोंड उघडायला लावून वास घेतला (हा अपमान मी भाऊजींच्या खात्यावर लिहून ठेवलाय) आणि चावी माझ्या हातात दिली.

दादाला उठवू नका, असं ठरलं होतं. पण गाडी दादाच्या नावावर, आरसीला मोबाइल नंबर दादाचा. आम्ही घरी पोचायच्या आधी कारवाईचा मेसेज त्यांच्या फोनवर पोचला होता. नवरा सोफ्यावर बसलेला. "गाडी माझी, दारू याची, आणि रात्री एक वाजता रस्त्यावर तू?" एवढंच बोलले आणि झोपायला गेले.

सकाळी सासूबाई मावशींना फोनवर सांगत होत्या, "अगं, चार जणांत नेमका आमचाच सापडला." सापडला! पिऊन चालवली, असं त्या दिवशी घरात एकाच्याही तोंडून आलं नाही. याच सासूबाईंनी मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन पोराच्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा टीव्हीसमोर बसून त्या पोराला आणि त्याच्या बापाला लाखोली वाहिली होती. मी म्हटलं, "आई, कुणाला धडक बसली असती तर?" गाडीच्या नुकसानीचा एक रुपया विमा कंपनी देत नाही, चालवणारा प्यायलेला असला की. समोरच्याला भरपाई दिली तरी ती पुढे मालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे तुमचा थोरला. त्यावर त्यांनी आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

कोर्टाचं फार लिहीत नाही. गुन्हा कबूल केला, दहा हजार दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसायची शिक्षा. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत आणि दंड पंधरा हजार. २०१९च्या दुरुस्तीआधी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता. भाऊजींच्या मित्रांना अजून तोच आकडा पाठ आहे. लायसन्स आरटीओकडे गेलं ते निलंबित झालं. सध्या भाऊजी टीएमटीने जातात, आणि उतरताना रोज सांगतात की बसला गर्दी फार असते.

माझे आठवी-नववीचे गणिताचे क्लास आहेत. त्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं: रात्री १२:२० ला आकडा ८७. दर तासाला साधारण १५ ने कमी होतो. लिंबूपाणी, कॉफी, थंड आंघोळ, कशानेही वेग वाढत नाही. ३० वर यायला किती वेळ लागेल? सत्तावन्न भागिले पंधरा. पुढच्या बाकावरच्या मुलीने झटकन सांगितलं, "तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पहाटे चार वाजून आठ मिनिटं."

मागून एकाने हात वर केला. "मॅडम, पण तोपर्यंत तो थांबणार कुठे?"