जंबेरीचा काटा

परवा दुपारी वाळलेले कपडे काढायला घरामागं गेलो आणि बनियन काट्यात अडकलं. तिथं काटा असण्याचं काही कारण नव्हतं. वाकून पाहिलं, तर गेल्या वर्षी कापलेल्या संत्र्याच्या बुडख्यातून हातभर फांदी वर आलेली. पानं तजेलदार, काटे बोटाएवढे. जंबेरी! म्हणजे ज्या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात, ती.

मोर्शी-वरुडकडच्या, म्हणजे विदर्भातल्या संत्रापट्ट्यातल्या, माणसानं एका झाडाचं दुःख सांगू नये, हे मलाही कळतं. इथं बागाच्या बागा वाळतात. पण शेतातलं झाड गेलं तर त्याला नुकसान म्हणतात, पंचनामा तरी होतो. घरामागचं गेलं तर कपडे वाळवायला जागा होते, बस. आमच्या शेतात कापूस आणि तूर, त्यामुळं आमचा संत्र्याचा बगीचा म्हणजे न्हाणीजवळचं ते एकच झाड.

जानेवारी-फेब्रुवारीत आंबियाचा बहार फुटला की आंघोळीला मुद्दाम उशीर लावायचा. अंगावर कढत पाणी, वर तो वास. साबणाची गरजच काय, असं माझं मत होतं. आईचं नव्हतं. फळ ओढून तोडलं की ती ओरडायची. ओढलं तर देठाजवळचं साल फाटतं आणि फळ सडतं, म्हणून पिरगाळायचं. दिवाळीत तोडलेले संत्रे अजून हिरवट, आंबट असायचे. पण आम्हाला हवं असायचं साल. ते पणतीच्या ज्योतीवर दाबलं की तडतड ठिणग्या उडत. फुलबाज्या मोजून मिळायच्या, संत्र्याच्या साली मोजत कोण होतं? उरलेलं साल भावाच्या डोळ्यात.

अजूनही शहरात एखाद्या गाडीवर किन्नूच्या ढिगात ‘नागपुरी’ अशी पाटी दिसली की मी भांडतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, हेही ऐकवतो. अहो, याचं साल अंगाला चिकटलेलं, आमच्या संत्र्याचं साल म्हणजे थोरल्या भावाचा सदरा! बायको तोवर पुढच्या गाडीवरून केळी घेऊन येते.

झाड मात्र मीच मारलं. एका सुट्टीत उत्साह आला, खोडाभोवती माती चढवली, गोल आळं केलं, न्हाणीचं पाणी त्यात वळवलं, वर गेरू-चुन्याचे पट्टे. फोटोही काढला. दोन पावसाळ्यांनी खोडातून मधासारखा डिंक यायला लागला. बाभळीच्या डिंकानं वह्या चिकटवत मोठे झालेलो आम्ही. डिंकाची भीती कोणाला वाटणार? त्यात त्या वर्षी झाड कधी नव्हे इतकं लदलं. फळं बारकी, पानं पिवळी, पण आई खुश.

काकाजी आले, बुंध्याची माती उकरली आणि तिथंच उकिडवे बसले. “डोळा बुजवला न रे तुनं. झाडाले गळ्यालोक गाडलं.” कलमाचा डोळा, म्हणजे खुंटाला कलम जोडलं ती जागा, जमिनीच्या वर वीतभर मोकळा हवा, ओल लागली की डिंक्या रोग होतो, हे इकडं शाळकरी पोरालाही ठाऊक. मी इकडचाच.

मग लेपासाठी १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १०० ग्रॅम कळीचा चुना, लिटरभर पाणी. एका झाडापुरतं मोरचूद मागितलं म्हणून दुकानदार हसला. दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र केलं, विळ्याचं टोक बुडवून पाहिलं. तांबूस चढलं, म्हणजे चुना कमी. पुन्हा चुना. सडलेली साल खरवडून लेप लावला. निळं खोड घेऊन झाड आणखी एक उन्हाळा उभं राहिलं, मग नाही.

आता खालची जंबेरी वर आलीय. इतकी वर्षं मुळं हिचीच होती आणि आम्ही गोडवे संत्र्याचे गायले. बुडख्यालगत छाटून टाकावी म्हणून विळा आणला. आई ओट्यावरून म्हणाली, “राहू दे न. लोनच्याले कामी येईन.”

विळा ठेवून दिला. दोरी तेवढी दोन हात सरकवावी लागेल.