एका ओळीसाठी अकरा दिवस

माझा धाकटा भाऊ रुग्णालयातून घरी आला तो शुक्रवार होता. व्यसनमुक्ती केंद्रात त्याला नेलं ते पुढचा मंगळवार सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी. मधले अकरा दिवस एका कागदावरच्या एका ओळीपायी गेले. आज तो घरी आहे, दारूला हात न लावता त्याला सात महिने झालेत, तरी तो काउंटर आठवला की माझी मूठ आवळते. तुमच्या घरी कुणी असेल तर निदान तुमचे हे दिवस वाचावेत म्हणून लिहितेय.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ठाण्यात. रविवारची उपासना, आईचं महिला मंडळ, नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरणं, असं घर. भाऊ रबाळ्याला कंपनीत होता. रात्रपाळी सुटल्यावर एक क्वार्टर, मग दोन, मग सकाळी हात थरथरतात म्हणून एक. आईच्या मंडळातल्या बायका घरी येऊन प्रार्थना करायच्या. एका संध्याकाळी तो त्यांच्यासमोर रडला आणि म्हणाला, आजपासून बंद. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बादली पडल्याचा आवाज आला. दार ढकललं तर तो फरशीवर, दातखिळी बसलेली, पाय भिंतीवर आपटत होते.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, ताप, भ्रम. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. म्हणजे संकल्प कितीही खरा असो, पहिले पाच-सहा दिवस डॉक्टरच्या हाताखालीच काढायचे. प्रार्थना पलंगाशेजारी बसूनही करता येते, आईने सहा दिवस तेच केलं. त्याला हळूहळू कमी करायच्या गोळ्या आणि बी-१ ची इंजेक्शनं दिली. वॉर्डातल्या लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी जीव लावून केलं.

पुढे काय करायचं ते पाळकसाहेबांनी फोनवर समजावलं. ते म्हणाले, ख्रिस्ती वाट म्हणजे एकच वाट नाही. काही ठिकाणी वर्षभर राहायचं, सकाळ-संध्याकाळ वचन (बायबलवाचन), काम, शिस्त. डेव्हिड विल्करसन नावाच्या पाळकाने १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टोळ्यांमधल्या पोरांसाठी सुरू केलेलं टीन चॅलेंज त्या धाटणीचं. आपल्याकडे बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन काढलं. ते अय्यंगार गुरुजींचे शिष्य, म्हणून तिथे एए च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) बारा पायऱ्या आणि योगासनं हातात हात घालून चालतात. आणि आठवड्यातून एकदा चर्चमध्येच जमणारे गट, जसं कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये सुरू झालेलं सेलिब्रेट रिकव्हरी, ज्याची आठ तत्त्वं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या ‘धन्य ते’ या वचनांवर बेतलीत. भावाला घरापासून लांब, पण आम्हाला भेटायला जाता येईल असं हवं होतं. मावशी कामोठ्यात राहते, म्हणून पनवेलच्या पुढचं एक छोटं निवासी केंद्र ठरलं. तिथल्या भाऊंनी (सगळे त्यांना भाऊच म्हणतात, पूर्वी स्वतः पिणारे) फोनवर एवढंच विचारलं, “तो स्वतः हो म्हणतोय का?” मी म्हटलं, “हो.” ते म्हणाले, “मग लवकर आणा. हा ‘हो’ फार दिवस टिकत नाही.”

आधार, दोन फोटो, छातीचा एक्स-रे, लिव्हरचे रिपोर्ट एका दिवसात जमले. राहिलं एक पत्र. आमच्याकडे चोवीस तास डॉक्टर नाही, त्यामुळे दारू सुटण्याच्या धोक्यातून हा बाहेर आलाय असं रुग्णालयाने लिहून दिल्याशिवाय आम्ही घेत नाही, असं भाऊंनी सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर होतं, ‘प्रकृती स्थिर, सात दिवसांनी दाखवणे.’ तेवढं चालणार नव्हतं.

शनिवारी रेकॉर्डच्या खिडकीवर गेले. सोमवारी या. सोमवारी टोकन घेऊन सव्वा तास बसले. खिडकीतल्या बाईंनी फाइल न उघडताच सांगितलं, डिस्चार्ज झाल्यावर आम्ही नवीन काही देत नाही, ओपीडीला जा. मानसोपचाराची ओपीडी मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून गेले, तर ते डॉक्टर सुट्टीवर. बदली डॉक्टर म्हणाले, “मी या पेशंटला तपासलेलं नाही, मी सही कशी करू?” हे मला पटलं. पण मग ज्यांनी तपासलं त्या फिजिशियनकडे बुधवारी गेले, तर ते म्हणाले व्यसनाची केस आहे, मानसोपचारवाल्यांनी लिहायचं. गुरुवारी अधीक्षकांच्या नावाने अर्ज लिहिला. अर्ज घेणाऱ्याने वाचून परत केला, पेशंटची सही नाही. मी म्हटलं, आता जाऊन आणते. “नाही, समोर करायची. पेशंटला घेऊन या.”

ज्याने अर्ज परत केला त्याला याचा अर्थ माहीत नसावा. कळव्याच्या घरून घोडबंदर रोडच्या रुग्णालयात रिक्षाने जायचं म्हणजे किती दुकानांवरून जायचं हे मी तोवर मोजलं नव्हतं. शुक्रवारी कापूरबावडीच्या जंक्शनला आमची रिक्षा अडकली. डाव्या हाताला एक बार, दार अर्धवट उघडं, आतून फोडणीचा आणि दारूचा एकत्र वास. पाच मिनिटं गाड्या हलेनात. भाऊ काही बोलला नाही. त्याने डोळे खाली घेतले आणि स्वतःच्या चपलेचा अंगठा बघत बसला. मग माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, लहानपणी जत्रेत धरायचा तसं. सिग्नल सुटला तेव्हा टोक घामाने ओलं झालं होतं.

एवढं करून ओपीडीत डॉक्टर भेटले, भले माणूस होते, पण म्हणाले, “हे प्रार्थनेचं केंद्र आहे ना? तिथे राहायला फिट आहे असं मी लिहिलं आणि उद्या तिथे काही झालं तर जबाबदारी माझी.” मी वाद घातला. आवाज चढला माझा. भाऊ बाहेर बाकावर बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “ताई, राहू दे. घरीच थांबतो मी.” तो ‘हो’ माझ्या डोळ्यांसमोर विझत होता.

त्या दिवसांत संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात अवघड असायची. म्हणून पाळकसाहेबांनी त्याला एका चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एए च्या मीटिंगला पाठवलं. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आई मात्र बिथरली. तिथे म्हणे ‘देव, जसा आम्हाला उमगला तसा’ असं म्हणतात. आई म्हणाली, “आपला देव ज्याला जसा उमगेल तसा आहे का?” पाळकसाहेबांनी तिला बसवून सांगितलं, की बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ एए सुरू करणारे दोघे, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रनला भेटले तेव्हा दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतले होते, आपले दोष कबूल करणं आणि ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई देणं हे तिथूनच आलं. “मावशी, झाड आपल्याच अंगणातलं आहे, फक्त सावलीला कुणीही बसू शकतं.” आई गप्प झाली. पुढच्या वेळी तिनेच डबा करून दिला.

पुन्हा सोमवारी भावाला घेऊन गेले. खिडकीवर नाही, सरळ वॉर्डात, जिथे तो होता तिथे. तिथल्या वयस्कर सिस्टरना मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही मागताय काय नक्की?” मी म्हटलं, फिटनेस सर्टिफिकेट. त्या म्हणाल्या, “तो शब्दच बोलू नका. फिटनेस म्हटलं की पुढची जबाबदारी येते, म्हणून सगळे मागे सरतात. उपचाराचा सारांश आणि आजची स्थिती मागा.” त्यांनी माझ्या वहीच्या पानावर लिहून दिलं: दाखल कधी, फिट किती आल्या, गोळ्यांचा शेवटचा डोस कधी, आज तपासलं असता दारू सुटण्याची लक्षणं नाहीत. ते पान निवासी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी भावाला व्हीलचेअर शेजारच्या स्टुलावर बसवून तपासलं, नाडी, बीपी, हात पुढे करायला लावून थरथर बघितली, वरिष्ठांना फोन केला आणि पंधरा मिनिटांत सही-शिक्का. पंधरा मिनिटं!

भाऊंना पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते म्हणाले, हेच हवं होतं. केंद्रावर मी त्या अकरा दिवसांत मनातून फार चिडले होते, पण न्हाणीघरातली ती फरशी आठवली की वाटतं, कागद मागणारं केंद्र होतं म्हणूनच मी त्याला तिथे ठेवला. राग उरलाय तो त्या खिडकीवर, जिथे हा एक शब्द बदला म्हणून कुणी सांगितलं नाही.

तेव्हा हे पत्र डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डात मागा, माणूस पलंगावर असताना. सहीखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे ना बघा, चार झेरॉक्स काढा. मेडिक्लेमवर विसंबू नका, आमच्या पॉलिसीत व्यसनाचा उपचार वगळलेला होता, ते पान आधी वाचा. घरातलं खोकल्याचं औषध आणि सॅनिटायझर उचलून ठेवा, त्यातही अल्कोहोल असू शकतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मी दोनदा केला.

आणि केंद्र निवडताना भक्तीच्या गोष्टी नंतर विचारा. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या चालू ठेवू देता का, हे आधी. “विश्वास असेल तर गोळी कशाला” असं एका ठिकाणी मला ऐकवलं गेलं, मी तिथूनच उठले. विश्वास माझाही आहे. पण ज्याने शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला वैद्य केलं त्याच देवावर आहे. दुसरं, माणसाला जावंसं वाटलं तर जाऊ देता का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही धरल्यात, आणि साखळीने बांधण्याला त्यात साफ मनाई आहे. कुलपं बघा, स्वयंपाकघर बघा.

केंद्रातले पाच महिने चांगले गेले. पहिला महिना फोन नाही. पहाटे वचन, मग झाडलोट, भाजीचा मळा, दुपारी समुपदेशन, रात्री एकेकाची साक्ष, म्हणजे आपली गोष्ट सगळ्यांसमोर सांगणं. बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र, सातवा अध्याय, त्याने वहीत उतरवून काढला होता, जे करू नये तेच हातून होतं असं पौल कबूल करतो तो भाग. भाऊ म्हणाला, “ताई, इतकी वर्षं उपासनेत ऐकलं, पण हा माणूस माझंच सांगतोय हे तिथे कळलं.”

घरी आल्यावर त्याला प्रभुभोजनाची (चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याचा विधी) भीती वाटत होती, प्याल्यात काय असेल म्हणून. पाळकसाहेबांनी सांगितलं, आपल्याकडे साधा द्राक्षरस असतो. थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट डेंटिस्टाने १८६९ मध्ये रस तापवून न आंबता टिकवण्याची रीत काढली, ती प्रभुभोजनासाठीच. ज्यांच्या चर्चमध्ये वाइन असते त्यांनी आधी बोलून घ्यावं. कॅथलिक मैत्रिणीने सांगितलं की त्यांच्यात नुसती भाकर घेतली तरी पूर्ण मानतात.

आठवी पायरी म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी, नववी म्हणजे शक्य तिथे भरपाई. त्याच्या यादीत आईच्या बांगड्या होत्या, कंपनीतल्या मित्राचे पैसे होते, आणि एक ओळ, ‘ताईच्या शिलाई मशीनची मोटर.’ ती मोटर तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा मी नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्याला भर दुकानात चोर म्हटलं होतं. तो बिचारा शेवटपर्यंत सांगत होता, ताई, मशीन आलं तेव्हा मोटर नव्हतीच.

गेल्या महिन्यात भावाने पहिल्या पगारातून मोटर आणून बसवली. जरा आवाज करते. शनिवारी आम्ही दोघं त्या दुकानात जाणार आहोत. तो म्हणाला, मी एकटा जातो. मी म्हटलं, चोर मी म्हटलं होतं.