पेडल मऊ का लागत होतं

उताराच्या शेवटच्या वळणावर ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली टेकलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि पिकअप कशीबशी कडेला घेतली. उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक आतून ओलं. चाकातला ब्रेक ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि ब्रेक ऑइल ड्रममधून टायरवर उतरलं होतं.

एका चाकाचं रबर फाटलं म्हणून चारही चाकांचे ब्रेक जावेत, हेच मला पटेना. पण जुन्या गाडीची रचनाच तशी होती. पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर एका सर्किटचा, ऑइलची डबी एकच, चारही चाकांना तोच दाब. कुठेही गळती झाली की सगळंच संपलं. नवीन रबर टाकून गाडी परत रस्त्यावर आणता आली असती, पण त्या पेडलवर पाय ठेवायचा धीर मला झाला नसता. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळा दाब देणारा दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आणि पुढे डिस्क ब्रेक, असं सगळंच करायचं ठरवलं. मागे ड्रमच ठेवले. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं आणि मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे खरी गरज पुढेच होती.

ड्रम उघडण्याआधी तोंडाला चांगला मास्क लावला आणि आतली धूळ ओल्या फडक्याने पुसली. ड्रमला आतून घासणाऱ्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या पाइपने उडवणं म्हणजे स्वतःच्या फुप्फुसात भरणं. गंजलेले पाइपही सगळे काढले. नव्या पाइपांची तोंडं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे कड दुमडून पसरवलेली, केली, मधे कुठेही दाबून बसवायचा सांधा ठेवला नाही. यात दोन पूर्ण दिवस गेले, त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

जुना मास्टर सिलिंडर डिस्कला चालत नाही, हे आधी नीट समजून घेतलं होतं. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तेवढा दाब डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर डिस्कला दोन्हीकडून धरणारे पॅड सुटतच नाहीत, चाक घासत राहतं आणि तापतं. शिवाय पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागे जास्त ऑइल लागतं, म्हणून पुढच्या सर्किटची डबी मोठी हवी.

मग ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला बसलो, कारण ती आत राहिली की पेडल मऊ लागतं. नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधीच व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली होती. मुलगी सीटवर बसली, मी चाकापाशी. सगळ्यात लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात. "दाब. धरून ठेव. सोड." डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचे दोन डबे संपले, तरी तिचं एकच: "बाबा, अजून मऊच लागतंय."

आधी मागच्या लायनरची सेटिंग तपासली. लायनर ड्रमपासून लांब असतील तर पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन कडक लागतं. आमचं पेडल कितीही पंप केलं तरी स्पंजासारखंच लागत होतं, म्हणजे हवाच. पण कुठे? मास्टर सिलिंडरची दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली. पेडल दगडासारखं! मग फक्त मागची लाइन जोडली, तरी कडक. पुढची जोडली की मऊ.

टॉर्च घेऊन पुढच्या चाकाखाली आडवा झालो आणि तेव्हा दिसलं. हवा काढायचं निपल कॅलिपरच्या खालच्या बाजूला होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट जुळतात, डिस्क फिरते, वरवर सगळं बरोबर दिसतं. पण हवा वर जाते आणि निपल खाली असेल तर ती आतच अडकून राहते. ही चूक माझी होती. बोल्ट आवळण्याआधी निपल कुठे आहे एवढं पाहिलं असतं तर संध्याकाळ वाचली असती. कॅलिपर अदलाबदल केले, पुन्हा हवा काढली आणि पेडल वरच थांबलं. मुलीने सीटवरूनच ओरडून सांगितलं.

राहिलेलं ऑइल मात्र वापरलं नाही. उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो.

मोकळ्या मैदानावर, हौदा रिकामा ठेवून, ताशी ४० च्या वेगाने जोरात ब्रेक मारला. मागची चाकं आधी लॉक झाली आणि शेपूट बाजूला सरकलं. पिकअपचं हेच दुखणं: रिकामी असली की मागे वजनच नसतं. मागच्या लाइनवरच्या प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हची कळ थोडी थोडी फिरवून दाब कमी करत गेलो, पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत. माल भरल्यावर मागचा ब्रेक त्यामुळे थोडा कमी लागतो, ते मी पत्करलं. शेपूट फिरण्यापेक्षा ते बरं. नंतर नवे पॅड डिस्कवर रुळावेत म्हणून ताशी ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवला, मधे डिस्क थंड होऊ दिली.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी गाडीखाली वाकून प्रत्येक सांध्याला कोरडं बोट लावून पाहिलं. एका सांध्याला ओल होती, ती पाना लावल्यावर थांबली. हँडब्रेकची केबल अजून जुनीच आहे. त्या दिवशी उतारावर तिनेच साथ दिली, पण आता ती ताणली गेली आहे. ती बदलेपर्यंत चढावर गाडी लावताना चाकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.