माझं वाजवून झालंय

माउलींच्या सोहळ्यात चालणं संपलं तरी दिवस संपत नाही, समाजआरती व्हायची असते. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड उंचावला की सगळं एकदम गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि आरती. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला लावलेली शिस्त अशी अजून टिकून आहे.

आमचे विणेकरी बुवा मला पहिल्याच वारीत म्हणाले होते, "अन्याय झाला तर टाळ थांबवू नये. पण एकदा ऐकून घेतलं, की परत वाजवू नये. निकाल कसा का लागेना." मला ते दिंडीपुरतंच वाटलं होतं.

यंदा चैत्रात त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. तोवर वर्षभर पित्ताच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे बुवा मला घेऊन गेले आणि आवाज न चढवता सगळं बोलले: दुखणं कधी सुरू झालं, किती खेपा घातल्या, सोनोग्राफी करा म्हणून पोरानं किती विनवलं. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. त्यानंतर तो विषय बुवांनी काढला नाही. मुलगा चिडला की म्हणायचे, "माझं वाजवून झालंय." विठोबाशी मात्र रोज भांडण. त्यानं अजून ऐकून घेतलेलं नाही, म्हणायचे, तेव्हा तिथले टाळ चालू!

वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वैशाखात त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. वाकवेना, म्हणून माझ्या पायांच्या दिशेनं नुसता हात केला. मी काहीतरी मोठं ऐकायला थांबलो होतो. म्हणाले, "सासवडला दोन मुक्काम आहेत, कपडे तिथंच धुऊन घ्या." प्रस्थानाआधीच गेले.

लोणंदला आमच्या वाट्याचा टँकर दुसरीकडे गेला. आम्ही टाळ चालू ठेवले. चोपदार आले, म्हणाले, "उद्यापासून मिळेल, आजचं भागवून घ्या." रात्री तंबूत कुरकुर सुरू झाली. म्हटलं, "वाजवून झालं ना? झोपा आता. उद्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आहे."