आमची वाटचाल : हिरव्या रंगापायी

आमचा धंदा इमारतींतल्या ‘एक्झिट’च्या पाट्यांचा. पांढऱ्या अॅक्रिलिकवर हिरवा छापायचा, धावणारा माणूस पांढराच सोडायचा आणि मागे दिवा बसवायचा, सांगायला काम एवढंच. पण त्या हिरव्याने आम्हाला एकदा पार रस्त्यावर आणलं होतं.

सुरुवातीचे भागीदार स्क्रीन प्रिंटिंगमधले मुरलेले कारागीर. सगळे त्यांना मामा म्हणत. जाळीतून शाई ओढायच्या पट्टीच्या, म्हणजे स्क्वीजीच्या रबरावरून ते रोज सकाळी नख फिरवून पाहत. धार बोथट असली की शाई जाड बसते, आणि मागून उजेड येणाऱ्या पाटीत शाईच्या जाडीवर सगळा रंग ठरतो. नवा घाणा मिसळला की नमुना आधी दाराशी उन्हात, मग ट्यूबखाली, शेवटी दिव्याच्या खोक्यावर. तिन्हीकडे हिरवा जमला तरच मामा मान हलवत.

मग बाजारात एकजण आला. त्याच्या पाट्या लखलखीत, कारण शाई पातळ. पातळ शाईतून उजेड भरपूर येतो, पण हिरवा फिका पडतो आणि पांढरा माणूस त्यातून उठत नाही. ईएन १८३८ या युरोपीय मानकात पांढऱ्याचं तेज हिरव्याच्या किमान ५ पट आणि जास्तीत जास्त १५ पट असावं लागतं. हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. मोजायला कुणाकडे मीटर नव्हता. “त्यांची जास्त चमकते,” एवढं बोलून ऑर्डरी तिकडे गेल्या.

शेवटी मीही घाबरलो. मामा नको म्हणत असताना शाई पातळ केली. त्याच सुमारास ट्यूब काढून एलईडी घातले, आणि नमुना मात्र जुन्या ट्यूबवरच पास केला. सहाशे पाट्यांचा लॉट. तपासणाऱ्याने मीटर लावला, गुणोत्तर चारच्याही खाली. सगळा माल परत. मामांनी स्वतःची ठेव मोडून कामगारांचे पगार दिले, आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. त्याच महिन्यात त्या दुसऱ्याच्या तसल्याच पाट्या दुसरीकडे बिनमोजता लागल्या. हे मी अजून विसरलेलो नाही.

आम्हाला पुन्हा उभं केलं ते एका मोठ्या इमारतीच्या देखभाल प्रमुखांनी. एका मजल्याचं काम दिलं, पाटी लावून घेतली आणि अख्ख्या कॉरिडॉरचे दिवे घालवले. अंधुक उजेडात आपला डोळा ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याला, सगळ्यात तीक्ष्ण असतो. लाल आधी काळा पडतो. ते कॉरिडॉरच्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, “बाकीच्या मजल्यांचंही घ्या.”

पुढची वर्षं नीट गेली.

मध्यंतरी विमानाच्या पाट्यांची चौकशी आली. अमेरिकी नियमात मोठ्या प्रवासी विमानांत उजळलेल्या पांढऱ्यावर लाल अक्षरं, उंची किमान दीड इंच. तिथे उजेड देते ती पांढरी जमीन, अक्षरं काळपट दिसली तरी वाचता येतात. आता हिरवा धावणारा माणूसही तिथे चालतो. नुसतं रंगाचं नाव ऐकून आमचा हिशोब तिकडे लावू नका.

पाट्या घेणाऱ्यांना सांगतो, नुसतं शेडकार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचं कार्ड, पाहून सही करू नका. जो दिवा बसणार आहे तोच मागे लावा, खोली अंधारी करा, मग बघा. आमच्याकडे आता मीटर आहे. तरी नमुना आधी दाराशी उन्हात जातो, मामा आलेले असले की त्यांच्याच हातात.